घरी येताना रिवर्स

आमच्या घरात इंग्रजीतले शब्द पुष्कळ आले आणि गेले, पण कायमचा राहायला आला तो एकच, रिवर्स. माझी आई मालनबाई जुन्या काळची सातवी पास. तिचं इंग्रजी या शब्दापाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. पण तेवढ्यावर ती सगळा संसार निभावते. इडलीचं पीठ फुगून पुन्हा खाली बसलं की रिवर्स झालं. साडी उलटी नेसली गेली तर ती रिवर्स. पाहुणे निघतो निघतो म्हणत फाटकापर्यंत जाऊन पुन्हा सोफ्यावर येऊन टेकले, की आई स्वयंपाकघरात जाऊन माझ्या बायकोच्या कानात सांगते की रिवर्स आलेत, कॉफी ठेव. पाण्याच्या फिल्टरवाल्यानं एकदा तिला रिवर्स ऑस्मोसिस अर्धा तास समजावून दिलं, तेव्हा तिनं फक्त एवढंच विचारलं, की पाणी रिवर्स जात असेल तर ग्लासात कसं येणार. फिल्टरवाला गप्प झाला. तीस वर्षं सरकारी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेला मी शेजारीच उभा होतो, मीही गप्प राहिलो.

हा शब्द घरी आणला माझ्या वडिलांनी, विठोजींनी. खरं म्हणजे आमच्या घराण्याला रिवर्सची सवय नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी कोणी पूर्वज घोड्यावर बसून महाराष्ट्रातून बेंगळुरूला आला, आणि त्यानंतर कुणीच रिवर्स घेतला नाही. मराठीत कन्नड मिसळलं, भाकरीशेजारी नाचणीच्या गोळ्यांची रागीमुद्दे आली, पण माघारी कुणी गेलं नाही. अशा घराण्यात चौऱ्याऐंशी साली वडिलांनी एक जुनी गाडी घेतली. बसवनगुडीतल्या आमच्या घराला नऊ फुटांचा बोळ आहे, एका बाजूला घराची भिंत, दुसऱ्या बाजूला कंपाउंड. पहिल्याच सकाळी वडील त्या बोळातून गाडी उलटी काढत बाहेर आले आणि दूधवाल्याच्या सायकलीवर गेले. दूधवाला वाचला, दूध वाचलं नाही. त्या दिवशी त्यांनी नियम केला की बाहेर जाताना पुढं बघून जायचं आणि घरी येताना मागं बघून यायचं. म्हणजे संध्याकाळी गाडी रिवर्सनं बोळात घालायची, सकाळी तोंड पुढं करून निघायचं. गाडीनं उंबऱ्याबाहेर पाठीनं पडणं अशुभ, असं पुढं ते सगळ्यांना सांगत. दुधाचं कुणाला सांगत नसत.

आणि रिवर्स आला म्हणजे मागं कुणीतरी उभं राहायला हवं. ते काम आईचं. संध्याकाळी कोपऱ्यावर हॉर्न वाजला की आई हातातलं काम टाकून पदर खोचत बोळाच्या आतल्या टोकाला, धुण्याच्या दगडापाशी जाऊन उभी राहायची, उजवा हात वर करायची आणि म्हणायची, 'बर्ली, बर्ली, बर्ली.' बर्ली म्हणजे येऊ दे. अख्ख्या बेंगळुरूत गाडी मागं घेताना जो कोणी मागं उभा असेल तो हेच म्हणतो, मग घरी मराठी बोलो की तेलुगू. गाडी जागेवर आली की 'साकु', म्हणजे पुरे. छत्तीस वर्षं वडील आरशात न बघता, निव्वळ आईच्या बर्लीवर गाडी आत घालत आले. चार वर्षांपूर्वी वडील गेले. मग ते स्टिअरिंग माझ्याकडं आलं, आई मात्र जिथं होती तिथंच उभी राहिली.

आता मुख्य प्रकरण. गेल्या वर्षी मी निवृत्त झालो आणि त्याच महिन्यात जुन्या गाडीनं शेवटचा श्वास घेतला. माझी मुलगी हर्षिता बेळ्ळंदूरला एका कंपनीत आहे, तिनं फोनवरूनच फर्मावलं की अप्पा, आता बॅटरीवरची गाडी घ्या, आवाज नाही, धूर नाही. रंगसुद्धा तिनंच निवडला. घरी विचारायची पद्धत आता राहिली नाही.

गाडी घेतल्यावर तिची पूजा ही आलीच. आमच्या भागातल्या गणपतीच्या देवळापुढं भटजींनी हार घातला, कुंकू लावलं, कोहळा फोडला, चारी चाकांपुढं चार लिंबं ठेवली. गाडी पुढं न्यायची, लिंबं चिरडायची, झालं. या गाडीला गिअरचा दांडा नाही, एक बटण आहे, ते इकडं फिरवलं की पुढं आणि तिकडं फिरवलं की मागं. मी देवाला नमस्कार केला, बटण फिरवलं, पाय दाबला, आणि गाडी कसलाही आवाज न करता मागं गेली. मागं आमचे शेजारी शिवकुमार प्रसादाचा द्रोण घेऊन उभे होते. वय वर्षं अडुसष्ट. त्यांनी एका उडीत देवळाचा कट्टा गाठला. चारी लिंबं जागच्या जागी, टवटवीत.

शिवकुमारांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून आहे आणि सल्ला द्यायला त्यांना निमित्त लागत नाही. कट्ट्यावरूनच त्यांनी सांगितलं की सार, म्हणजे सर, नव्या गाडीचं पहिलं पाऊल रिवर्स पडलं, हे बरं नाही. उपाय म्हणून आता लिंबं चाकांच्या मागं ठेवायची आणि पुन्हा एकदा रिवर्स घ्यायचा, म्हणजे रिवर्सचा रिवर्स होऊन सगळं सरळ होईल. हे तर्काला धरून नाही हे मला कळत होतं, पण कुठं धरून नाही ते सापडेना. भटजी म्हणाले शास्त्रात असं काही नाही, पण समाधानासाठी करा. मागं नवी लिंबं ठेवली, मी रिवर्स घेतला, लिंबं चिरडली. लोक बघत होते. माझे दोन जुने विद्यार्थीही होते त्यांत.

घरी आलो. आई बोळात उभी होतीच. मी गाडी तिच्यापर्यंत आणून थांबवली, तरी ती हात वर करून वाट बघत होती. मग म्हणाली, कधी सुरू करणार. मी म्हटलं, आई, आलीच आहे. तिनं हात पुढं करून डिकी चाचपली आणि नुसतंच हं म्हणाली. मला वाटलं, कौतुकानं हात फिरवतेय.

त्या गाडीत मागच्या बाजूला अडथळा आला की आत टीं टीं वाजतं. पण आमचा बोळ नऊ फुटांचा, त्यामुळं ते फाटकापासून जे सुरू व्हायचं ते शेवटपर्यंत एका सुरात. ते यंत्र आम्हाला काही सांगत नव्हतं, नुसतं रडत होतं. मी ते ऐकायचं सोडलं आणि आईच्या बर्लीवर आलो. दोन दिवस आरशाला खरचटलं, तिसऱ्या दिवशी भिंतीचा पोपडा निघाला. चौथ्या दिवशी आई बर्ली बर्ली म्हणत राहिली, मी जात राहिलो, आणि भिंतीलगतचा पाण्याचा मीटर पाइपसकट उखडला. कारंजं छपरापर्यंत उडालं. आई त्यात नखशिखांत भिजून उभी, आणि तिच्या तोंडून फक्त एक शब्द आला, साकु.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. चूक माझी आहे, मी बघायला हवं होतं, असं मी तिला दहा वेळा सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण माझ्याकडं बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या ऑफिसात गेलो. तिथला कारकून मोठा सज्जन माणूस, पण नियमांत बांधलेला. कनेक्शन विठोजींच्या नावावर आहे, तर विठोजींनी अर्ज करावा असं त्यानं सांगितलं. ते वारले म्हटल्यावर त्यानं मनापासून हळहळ व्यक्त केली आणि मृत्यूचा दाखला, वंशावळ, माझा फोटो, आईची संमती अशी यादी लिहून दिली. तीन खेपा झाल्या. अर्जात नुकसानीचं कारण असा रकाना होता. मी लिहिलं, वाहन रिवर्स घेताना. त्यानं चष्म्यावरून बघत विचारलं की मागं उभं राहून कोण सांगत होतं, त्या व्यक्तीचं नाव आणि जबाब लागेल. मी पेन तसंच धरून बसलो. मग लिहिलं, कुणीही नव्हतं. त्यानं ते वाचलं आणि अत्यंत दुःखानं मान हलवली. "सार, प्रोफेसर असून मागं कुणी नसताना रिवर्स घेतलात?" त्यानं हे शेजारच्या टेबलालाही सांगितलं. मी खाली मान घालून सही केली. आयुष्यात एवढा अपमान मी परीक्षेच्या पर्यवेक्षणातसुद्धा सोसला नव्हता.

नवा मीटर बसेपर्यंत अकरा दिवस शिवकुमारांच्या नळाला आमची रबरी नळी. पाणी त्यांचं, म्हणून सल्लेही ऐकणं भाग. बादली भरेपर्यंत एक सल्ला पूर्ण व्हायचा. अकराव्या दिवशी सगळ्यांचं एकमत झालं की गाडीला मागं बघायचा कॅमेरा बसवायचा. माझी बायको सुचेता निपाणीकडची, तिकडं निर्णय झटपट घेतात. ती म्हणाली, पुढच्या वेळी मीटरच्या जागी आई असल्या तर?

ते बरोबरच होतं. आई दाराशी शेंगा सोलत बसली होती, तिनं सगळं ऐकलं. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि सांगितलं की आता तुला धुळीत उभं राहायला नको, आता एक यंत्र येणार आहे. ती म्हणाली, "सरी," म्हणजे बरं. एवढंच. शेंगा सोलून संपल्या होत्या तरी तिची बोटं सुपात काही तरी शोधत होती. चाळीस वर्षांचं तिचं काम मी काढून घेत होतो हे मला तेव्हाच कळलं, खोटं का बोलू. पण सुरक्षितता, सोय, वय, असे चांगले चांगले शब्द हाताशी असले की माणूस वाईट काम निर्धास्त करतो.

राजाजीनगरात दत्ता नावाचा एक विजापूरकडचा माणूस गाड्यांना कॅमेरे बसवतो, मराठी बोलतो म्हणून त्याच्याकडं गेलो. त्यानं तासाभरात बसवला, पुढं पाटीएवढा पडदा लावला, काम फक्कड झालंय म्हणाला. घरी येऊन रिवर्सचं बटण फिरवलं तर पडद्यावर डावीकडचा खांब उजवीकडं. त्यानं चित्र उलटं जोडलं होतं. मी मुळीच डगमगलो नाही. आरशात डाव्याचं उजवं कसं होतं हे मी तीस वर्षं मुलांना फळ्यावर काढून दाखवत आलो होतो. पडद्यावर जे दिसेल त्याच्या विरुद्ध वागायचं, झालं. दोन दिवस मनाशी उजळणी केली, डावं ते उजवं, उजवं ते डावं, आणि दोन्ही दिवस गाडी लोण्यासारखी आत गेली. बायकोलाही बोलावून दाखवलं.

इथं शिवकुमारांचा चांगुलपणा आडवा आला. सारांचा कॅमेरा उलटा आहे हे त्यांनी भिंतीवरून पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी जेवून लवंडलो असताना त्यांनी दत्ताला परस्पर फोन करून बोलावलं, सुचेताकडून किल्ली मागून घेतली आणि चित्र सुलटं करून घेतलं. मला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून दोघांपैकी कुणीच बोललं नाही. मी संध्याकाळी भाजी घेऊन आलो, रिवर्स घेतला, सुलटं चित्र मनातल्या मनात उलटं केलं आणि पूर्ण आत्मविश्वासानं फाटकाच्या खांबावर गेलो. खांब सावकाश आडवा झाला. त्याच्यावर वडिलांच्या नावाची पाटी होती, तीही खाली आली. गल्लीतले लोक जमले. शिवकुमार धक्का बसलेल्या चेहऱ्यानं म्हणाले की सार, आता तर सगळं सरळ होतं. मी पाटी उचलली आणि शर्टानं पुसली. वडिलांच्या हातून छत्तीस वर्षांत या खांबाला ओरखडासुद्धा आला नव्हता, आणि त्यांच्याजवळ पडदा नव्हता, टीं टीं नव्हतं, फक्त आई होती. मला फार वाईट वाटलं.

आई मात्र त्या गडबडीत बाहेर आली नाही. कॅमेरा आल्यापासून ती बोळात येतच नव्हती. मी किती वाजता येणार हे विचारणं तिनं बंद केलं होतं. पूर्वी तिची संध्याकाळ माझ्या येण्यावर लावलेली असायची. कॉफी त्याआधी, दिवा त्यानंतर. आता ती सहालाच ताक-भात खाऊन भिंतीकडं तोंड करून आडवी व्हायची. सुचेता म्हणाली की दिवसभरात चार वाक्यं बोलल्या नाहीत, रिवर्ससुद्धा म्हणाल्या नाहीत. आई अशी हळूहळू विझून जाईल आणि तिला विझवणारा मी असेन, अशी मला भीती वाटायला लागली. ती कुणाला सांगताही येईना.

मग मी ठरवलं की निर्णय मागं घ्यायचा. पण बापानं जन्मात कधी चूक कबूल केलेली नाही, मुलानं तरी कशी करावी? मी थाप मारली. दुसऱ्या दिवशी साडेपाचला फाटकातून ओरडलो की आई, कॅमेरा बिघडला, तू ये, नाहीतर गाडी रस्त्यावरच राहील. पाच मिनिटांत आई बाहेर. पदर खोचलेला, केसांवरून ओला हात फिरवलेला. जाता जाता सुचेताला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, की यंत्राचं असंच असतं. धुण्याच्या दगडापाशी जाऊन तिनं हात वर केला. "बर्ली."

मी बटण फिरवलं आणि आपोआप पडदा लागला. बंद करायला हात नेला, तर पडद्यावर आई.

इतकी वर्षं आरशात मला तिच्या लुगड्याचा काठ आणि वर केलेला हात एवढंच दिसायचं. ती काम करताना दिसते कशी, हे मी कधी बघितलंच नव्हतं. ती माझ्याकडं बघत नव्हती. गाडी होती एका बाजूला, आणि तिचं तोंड होतं शिवकुमारांच्या भिंतीकडं. डावा हात मागं नेऊन ती बोटांनी घराची भिंत चाचपत होती, आणि दर बर्लीला एक पाऊल मागं टाकताना टाचेनं जमीन शोधत होती. चेहरा एकाग्र, कपाळाला आठी, पेपर अवघड असलेल्या मुलांचा असतो तसा.

मी गाडी थांबवली. बटण बंद केलं. आई म्हणाली, "बर्ली." मी दार उघडून खाली उतरलो, बोळातून अंग चोरत तिच्यापर्यंत गेलो आणि तिच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभा राहिलो. "बर्ली," आई म्हणाली, "बर्ली, बर्ली." गाडी दहा फूट मागं, बंद.

"आई," मी हळूच म्हटलं.

ती दचकली. वर केलेला हात तसाच राहिला. "तू इथं? मग गाडी कोण आणतंय?"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडू आलं. तिला धरून दगडावर बसवलं. पदराच्या टोकाशी चाळा करत ती बोलायला लागली. डावा डोळा आधी गेला, मग उजवा. दोन वर्षं झाली असतील. उजेड-अंधार कळतो, माणूस आलं की आकार कळतो, आवाज ऐकला की कोण ते कळतं.

"आणि गाडी?"

"त्या गाडीला आवाज होता की रे. मागचं चाक गटारीच्या फरशीवर चढलं की खडक वाजायचं. तिथून सात वेळा बर्ली म्हणायचं, आठव्याला साकु. ही तुझी गाडी मांजरासारखी येते. कुठं आहे तेच कळत नाही, तर सांगू काय?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतास, आई, तू आत बस." तिनं पदराचं टोक सोडलं. "आत बसून काय करू, गिरी? स्वयंपाक सुचेता करते. देवाची फुलं तू आणतोस. दिवसातून एकदा कुणाचं तरी माझ्यावाचून अडायचं, ते एवढंच."

तिनं सांगितलं नसतानाही मी तेच म्हटलं होतं, आई, तू आत बस. मी तिचा हात हातात घेतला आणि माझं चुकलं असं स्वच्छ शब्दांत म्हणालो. आमच्या घराण्यातला हा बहुधा पहिलाच रिवर्स असावा. आईनं तो मोठ्या मनानं येऊ दिला.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. ऑपरेशनला ती घाबरत होती, शेवटी तयार झाली, पण तिनं अट घातली की डोळे आले की बोळातली जागा माझी, ते टीं टीं आणि तो पडदा माझ्यासमोर बोलता कामा नये. मी कबूल केलं. आधी एक डोळा, महिन्यानं दुसरा. पट्टी काढली तेव्हा समोर मीच होतो. तिनं मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं की गिरी, तुझे केस कधी पिकले. मी म्हटलं, आई, दोन वर्षं झाली. ती म्हणाली, मला तू अजून काळ्याच केसांचा दिसत होतास. वाटेत ती फारसं बोलली नाही, मधूनमधून माझ्या डोक्याकडं बघत होती. घरी आल्यावर मात्र तिची जीभ सुटली. शिवकुमार किती वाळलाय बिचारा, आणि केस कशाला रंगवतो. भिंतीचा पोपडा कुणी काढला. गाडीसमोर तर ती दोन मिनिटं उभी राहिली आणि हा पोपटी रंग कुणाच्या डोक्यातून आला असं तिनं विचारलं. आम्ही कुणीच हर्षिताचं नाव घेतलं नाही.

डॉक्टरांनी धुळीत जायची परवानगी दिली त्या संध्याकाळी मी मुद्दाम कोपऱ्यावर हॉर्न वाजवला. आई आली, जागेवर उभी राहिली, हात वर केला. मी पडदा झाकला, टीं टीं बंद केलं, गाडी वीतभर मागं घेतली.

"थांब!"

थांबलो. तिनं भिंत पाहिली, गाडी पाहिली, पुन्हा भिंत पाहिली. मग बर्ली म्हणाली. मी चार बोटं मागं. "थांब, थांब!" आता दुसऱ्या बाजूची भिंत. आई बोळात इकडून तिकडं फिरत होती, वाकून चाकं बघत होती आणि कपाळाला हात लावत होती. दोन वर्षांनी तिला या बोळाची रुंदी पुन्हा नीट दिसत होती, आणि ती तिला भलतीच कमी वाटत होती. पंधरा मिनिटं झाली तरी गाडीचं तोंड रस्त्यातच. मागं एक रिक्षा, तिच्यामागं सिलिंडरची गाडी, त्यामागं शाळेची व्हॅन. रिक्षावाला उतरून आला आणि स्वल्प रिवर्स तगोळ्ळी सार, म्हणजे थोडं मागं घ्या, असं मला सांगू लागला. माझी हीच तर अडचण होती. शिवकुमार भिंतीवरून म्हणाले की अम्मांना आधी दिसत नव्हतं तेच बरं होतं. सुचेता पडदा लावा म्हणून खुणा करायला लागली. आई त्या सगळ्यांच्या मध्ये उभी होती. तिचा वर केलेला हात हळूहळू खाली यायला लागला, आणि मला कळलं की हा आता खाली आला तर पुन्हा वर जाणार नाही.

"आई," मी खिडकीतून ओरडलो, "मी पडदा लावणार नाही. कितीही वेळ लागू दे."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "दिसायला लागल्यापासून भीती वाटते रे," ती म्हणाली. मग दगडाला पाठ टेकून ती सरळ उभी राहिली आणि तिनं डोळे मिटून घेतले. "गाडीला आवाज नाही ना तुझ्या? मग तू दे. हाक मारत ये."

रिक्षावाला ऐकत होता, व्हॅनमधली पोरं ऐकत होती. मी एकसष्ट वर्षांचा, पेन्शनर, पिकल्या केसांचा माणूस. मी काच पूर्ण खाली घेतली आणि हाक मारली.

"आई."

"बर्ली," आई म्हणाली.

"आई."

"बर्ली, बर्ली."

मी हाक मारत गेलो, ती बोलावत गेली. आरशात मी बघितलं नाही. दोन्ही भिंती अंगाजवळून सरकत मागून पुढं गेल्या, रस्ता लांब गेला, हॉर्नचे आवाज कमी झाले. शेवटची हाक मारली तेव्हा ती अगदी कानाशी असल्यासारखं बोलली, ओरडावं लागलं नाही.

"आलास," ती म्हणाली, आणि मग तिनं डोळे उघडले.